कांचेपलीकडचा माणूस

गेल्या वर्षीं स्नेहसंमेलनास दोन महिने असतांना वरच्या वर्गांतील पांच मुलें, चार मुलगे व एक मुलगी, एका सायंकाळीं माझ्याकडे आलीं. त्यांनीं एक रॉक बँड काढला होता. दोन गिटार, एक बेस गिटार, ड्रमचा संच, आणि गाणारी ती मुलगी. गाणें त्यांनींच मराठींत रचलें होतें, चालही त्यांचीच. बुधवार पेठेंत जाऊन, पासोड्या विठोबाजवळच्या आणि तपकीर गल्लींतल्या दुकानांतून त्यांनीं मायक्रोफोन, तारा व संगणकास जोडावयाची एक लहानशी पेटी जमविली होती. आणि एकाच्या घरीं, दारें-खिडक्या लावून व पंखा बंद करून, त्या गाण्याचें ध्वनिमुद्रणही केलें होतें. तें मीं ऐकावें, एवढीच त्यांची विनंति होती. गेलीं पंधरा वर्षें मी उपासनेच्या वेळचें गायकवृंद बसवितों, म्हणून मला संगीतांतलें कांहीं समजतें असा शाळेंत एक समज आहे.

मीं ऐकलें. गाणें साडेसहा मिनिटांचें होतें. पहिलें कडवें संपल्यावर गाणाऱ्या मुलीचा एकही शब्द ऐकूं येईना. मागाहून कळलें कीं, प्रत्येकानें पाळीपाळीनें संगणकापुढें बसून आपापल्या वाद्याचा आवाज थोडाथोडा वाढविला होता. असे दोन फेरे झाल्यावर जें व्हावयाचें तेंच झालें. मुलगी बिचारी कांहीं बोलली नव्हती, कारण यंत्राची माहिती मुलांनाच आहे असें सर्वांनीं आधींच ठरवून टाकलें होतें. चाल मात्र चांगली होती. हें मी शिक्षकाच्या दयाबुद्धीनें लिहीत नाहीं. ध्रुवपदाची ओळ दुसऱ्या दिवशीं वर्गावर जातांना मी स्वतः गुणगुणत होतों.

शाळेचा एक माजी विद्यार्थी ध्वनिमुद्रणाच्या धंद्यांत आहे. मीं त्याच्याकडे शब्द टाकला, आणि त्यानें एका रविवारीं मुलांना आपल्या स्टुडिओंत बोलाविलें. त्यानें गाणें तीनदां ऐकलें. नंतर यंत्रास हात न लावतां फक्त बोलला. ध्रुवपद तिसऱ्या मिनिटाला येतें, तें अगदीं प्रारंभीं आणा. ड्रम वाजविणाऱ्यानें कडव्यांत निम्मेंच वाजवावें. गाणारीनें ओरडूं नये. मायक्रोफोनच्या जवळ येऊन हलक्या आवाजांत गावें. आणि मधलें दीड मिनिटाचें गिटारचें एकल वादन आठ आवर्तनांवर आणावें. संध्याकाळपर्यंत गाणें चार मिनिटांच्या आंत आलें होतें, आणि त्यांतला शब्द न् शब्द कळत होता.

मुलगी आनंदली. ड्रम वाजविणाऱ्याला आपली मेहनत निम्म्यानें कमी झाल्याचें दुःख झालेलें दिसलें नाहीं. परंतु मुख्य गिटार वाजविणारा मुलगा गप्प राहिला, आणि दुसऱ्या दिवशीं मधल्या सुटींत मला म्हणाला, “सर, आतां तें गाणें आमचें राहिलें नाहीं.” मीं त्याला विचारलें, “पण चांगलें झालें कीं नाहीं ?” तो म्हणाला, “झालें.” आणि निघून गेला. त्याचें तोंड मीं बंद केलें, पण त्याच्या प्रश्नाला उत्तर दिलें नाहीं, ही टोंचणी मला बरेच दिवस होती. पुढील मजकूर म्हणजे तें राहिलेलें उत्तर होय. वार्षिकांतून तें त्याला व त्याच्यासारख्या इतरांना पोंचावें अशी इच्छा आहे.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. ‘निर्माता’ हा शब्द आपण चित्रपटांमुळें शिकलों. चित्रपटाचा निर्माता म्हणजे पैसा उभा करणारा; चित्र कसें दिसावें हें ठरविणारा दिग्दर्शक निराळा. ध्वनिमुद्रिकेचा निर्माता हा मात्र पुष्कळ अंशीं त्या दिग्दर्शकासारखा असतो. कोणतें गाणें घ्यावयाचें, कोणत्या पट्टींत व कोणत्या लयींत, कोणतें वाद्य पुढें यावें व कोणतें मागें राहावें, मायक्रोफोन किती अंतरावर ठेवावा, दहा वेळां वाजविलें तर त्यांतली कोणती खेप राखावी, आणि मुख्य म्हणजे आतां पुरे असें केव्हां म्हणावें, हें सारें तो ठरवितो किंवा ठरविण्यास मदत करतो. वादक एका खोलींत असतात. जाड कांचेच्या पलीकडे, यंत्राच्या खोलींत, हा बसलेला असतो. त्याचा स्वतःचा आवाज तबकडीवर कोठेंही नसतो. तथापि तबकडीवर असा एकही आवाज नसतो कीं जो त्याच्या कानाखालून गेलेला नाहीं.

हें काम रॉक संगीतापेक्षां पुष्कळ जुनें आहे. १९०२ सालीं ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास येऊन गौहरजान वगैरे गायिकांचीं गाणीं तबकडीवर घेऊं लागला, तेव्हां मायक्रोफोन नव्हता. भल्या मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशीं उभें राहून गावें लागे. त्या आवाजानें पडदा कांपे, आणि पडद्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरी. एखादें वाद्य मोठें झालें तर तें कमी करण्यास कळ नव्हती. वाजविणाऱ्यालाच दोन पावलें मागें सरकवावें लागे. गाणाऱ्याला पुढें ओढावें, तबलजीला मागें ढकलावें, हेंच त्या काळचें मिश्रण. विजेवर चालणारें ध्वनिमुद्रण १९२५ सालापासून सुरू झालें, आणि तेव्हांपासून ओढाओढीची जागा हळूहळू खुंट्यांनीं घेतली. पण काम तेंच राहिलें : कोण पुढें, कोण मागें.

दुसरें बंधन वेळाचें. त्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेंच मावत. तासभर आळवावयाचा राग गवयाला तेवढ्यांत बसवावा लागे, आणि काय गाळावें हा प्रश्न कोणाला तरी सोडवावाच लागे. पुष्कळदां तो गवई स्वतःच सोडवी; पण समोर घड्याळ घेऊन बसलेला कोणीतरी असेच. आमच्या गिटारवाल्या मुलाचें दुःख हें असें शंभर वर्षांचें आहे, आणि त्याच्याहून थोर माणसांनीं तें सोसलेलें आहे.

आपल्या मराठी मुलखांत या कामाच्या संबंधांत पहिलें नांव घ्यावयाचें तें जी. एन. जोशी यांचें. जुन्या पिढीला ते भावगीतगायक म्हणून ठाऊक. ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता त्यांनीं गाइली, ती तबकडीच्या रूपानें घरोघर गेली, आणि मराठी भावगीताचा प्रारंभ सांगतांना आजही लोक त्या तबकडीचें नांव काढतात. पण हे कायद्याचे पदवीधर गृहस्थ १९३८ सालीं ग्रामोफोन कंपनीच्या मुंबईच्या कचेरींत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी म्हणून रुजू झाले, आणि पुढें कित्येक वर्षें त्यांनीं कांचेपलीकडे बसून दुसऱ्यांचीं गाणीं घेतलीं. मोठमोठ्या गवयांना स्टुडिओपर्यंत आणणें, त्यांची मर्जी सांभाळणें, आणि त्या मर्जींतून तबकडीपुरतें कांहीं काढून घेणें, हा त्यांचा व्यवसाय झाला. ‘स्वरगंगेच्या तीरीं’ या पुस्तकांत त्यांनीं आपल्या आठवणी लिहून ठेविल्या आहेत. मायक्रोफोनपुढें उभें राहिल्यावर गाणाऱ्याच्या घशाला कशी कोरड पडते हें ज्याला स्वतःला माहीत आहे असा निर्माता दुर्मिळ.

त्यांच्या कामांतील एकच तबकडी मी येथें घेतों, कारण ती आमच्या मुलांच्या भांडणाला फार जवळची आहे. १९६७ सालीं ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या नांवाची लाँग प्ले ध्वनिमुद्रिका निघाली. संतूर वाजविणारे शिवकुमार शर्मा, बांसरीवादक हरिप्रसाद चौरसिया व गिटारवादक ब्रिजभूषण काब्रा हे तिघे तिचे प्रमुख वादक, तबल्यावर माणिकराव पोपटकर, निर्माता जी. एन. जोशी. तिघेही प्रमुख वादक तेव्हां तिशीच्या आंतबाहेर होते. संतूर हें रागसंगीताला चालणारें वाद्य नव्हे असें म्हणणारे जाणकार त्या वेळीं पुष्कळ होते. आडवी ठेवून वाजविलेली गिटार तर परकीच मानली जाई. मैफलींत यांच्यापैकीं प्रत्येकाला एक राग तास-दीड तास वाजवावयास मिळाला असता. येथें दोन्ही बाजू मिळून चाळीस मिनिटेंही नव्हतीं, आणि वांटेकरी तीन.

हें जमविलें कसें ? काश्मीरमधील एका मेंढपाळाच्या आयुष्यांतला एक दिवस, अशी कथा घेतली. पहाटेला अहिर भैरव व त्यापाठोपाठ नट भैरव, पुढें पिलू, मग भूप, देस, आणि शेवटीं पहाडी. दिवस पुढें सरकतो तसा राग बदलतो, आणि राग बदलतो तसें एक वाद्य बाजूस होऊन दुसरें पुढें येतें. ती तबकडी लक्ष देऊन ऐकावी. आपण मागें राहिलों तर आपला अपमान झाला, असें त्यांतल्या एकाही वादकाला वाटलेलें ऐकूं येत नाहीं. तिघांना एका गोष्टीचीं पात्रें केल्याबरोबर “माझें वादन किती मिनिटें” हा प्रश्न मावळला, आणि “आतां गोष्टींत कोणाची पाळी” हा प्रश्न आला. एखाद्या बँडाचा घाट बाहेरच्या माणसानें बदलावयाचा तर तो असा, असें माझें मत आहे. वादकांना कमी वाजवा म्हणून सांगण्याऐवजीं, कमी वाजविणें ज्यांत शोभेल असें कांहीं तरी त्यांच्यापुढें ठेवावयाचें.

ती तबकडी समुद्रापार गेली, आणि बीटल्स या रॉक बँडांतील जॉर्ज हॅरिसनसारख्यांच्या आवडीची झाली. हा हॅरिसन १९६८ च्या जानेवारींत मुंबईस येऊन त्याच कंपनीच्या स्टुडिओंत आपल्या देशी वादकांकडून ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचें संगीत वाजवून घेत होता. त्या स्टुडिओंतील यंत्रें साधीं होतीं. दोन पट्ट्यांचें ध्वनिमुद्रण करणारें यंत्र त्याच्यासाठीं कलकत्त्याहून आणावें लागलें. बीटल्सच्या एका गाण्याचा वाद्यभागही त्यानें याच मुक्कामांत येथें मुद्रित केला. मुंबईची कंपनी आणि लंडनची कंपनी एकाच घराण्याच्या; आणि त्या घराण्याच्या लंडनच्या स्टुडिओंत कांचेपलीकडे जो बसे त्याच्याकडे आतां वळूं.

जॉर्ज मार्टिन हा संगीतविद्यालयांत रीतसर शिकलेला, ओबो वाजविणारा, आणि तोंवर विनोदी भाषणांच्या तबकड्या काढण्यांत नांव मिळविलेला माणूस. १९६२ सालीं लिव्हरपूलचीं हीं चार पोरें त्याच्या पुढ्यांत आलीं. त्यांना स्वरलिपि वाचतां येत नव्हती. याला रॉक संगीत फारसें ठाऊक नव्हतें. त्यानें पहिली गोष्ट केली ती चुकीची होती, आणि ती मुद्दाम सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या एका गीतकाराचें तयार गाणें त्यानें त्यांच्या पुढें टाकलें. त्यांनीं तें निमूटपणें वाजवून मुद्रित करून दिलें, आणि मग म्हणाले कीं आम्हांला आमचेंच गाणें प्रसिद्ध करावयाचें आहे. मार्टिननें ऐकलें. तें परकें गाणें बाजूस ठेविलें गेलें, आणि १९६२ च्या आक्टोबरांत त्यांची पहिली तबकडी निघाली ती त्यांच्या स्वतःच्या गाण्याची. बाजूस ठेविलेलें गाणें पुढच्या वर्षीं दुसऱ्या एका बँडानें म्हटलें व तें इंग्लंडांत पहिल्या क्रमांकावर गेलें. म्हणजे मार्टिनचा व्यापारी कान चुकला नव्हता. तरीही त्यानें माघार घेतली हें बरें केलें. गाणें विकलें गेलें असतें, पण बँड हरवला असता.

लगेच पुढची गोष्ट त्याच्या उलट. ‘प्लीज प्लीज मी’ हें त्यांचें दुसरें गाणें मुळांत संथ, विव्हळणारें असें होतें. मार्टिन म्हणाला, लय वाढवा. नोव्हेंबरांत तीं पोरें तें जलद लयींत बांधून घेऊन आलीं, आणि त्या गाण्यानें त्यांचें नांव देशभर झालें. येथें मार्टिननें एक स्वरही घातला नाहीं, एक शब्दही बदलला नाहीं, फक्त लय. आपल्याकडे ज्यांनीं भजन ऐकलें आहे त्यांना हें समजावून सांगावयास नको. तोच अभंग संथ ठेक्यांत ऐकला म्हणजे एक वाटतो, आणि टाळकरी द्रुत लयींत चढले म्हणजे निराळाच होतो. अभंग कोणाचा हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाहीं.

१९६५ सालीं मॅकार्टनीनें ‘यस्टर्डे’ हें गाणें आणलें. त्याला ड्रमची जोड शोभेना. मार्टिननें सुचविलें कीं गिटारीबरोबर चार व्हायोलिन-जातीचीं वाद्यें घ्यावीं. मॅकार्टनी कचरला, रॉक बँडाच्या तबकडीवर दिवाणखान्यांतलें संगीत नको, असें त्याला वाटलें. शेवटीं तो कबूल झाला, पण एका अटीवर : वादकांनीं स्वर फार हेलकावूं नयेत, सरळ ठेवावेत. तें गाणें आज ऐकतांना जो एक कोरडा, आवरलेला भाव वाटतो तो दोघांच्या ओढाताणींतून आलेला आहे. वाद्यें मार्टिनचीं, संयम मॅकार्टनीचा. मीं आमच्या मुलाला त्या दिवशीं हीच गोष्ट सांगावयास हवी होती, कीं बाबा, ‘आठ आवर्तनें’ असें ऐकून गप्प बसणें हें कांहीं बँडवाल्याचें काम नव्हे. तूं अट घालावयास पाहिजे होतीस.

आणखी एकच उदाहरण देतों, कारण तें ऐकून मुलांचे डोळे चमकतात. १९६६ च्या शेवटीं लेननचें ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ हें गाणें दोन निरनिराळ्या तऱ्हांनीं मुद्रित झालें : एक हलकें, एक तुताऱ्या-चेलोंसह भारी. लेननला एकाचा प्रारंभ आवडला व दुसऱ्याचा शेवट. ते जोडून द्या, म्हणाला. मार्टिननें सांगितलें कीं दोहोंची पट्टी वेगळी, लयही वेगळी. लेननचें उत्तर, तें तुम्ही बघा. मग एका ध्वनिफितीची गति थोडी वाढविली, दुसरीची थोडी कमी केली, आणि योगायोगानें पट्टी व लय दोन्ही एकत्र जुळल्या. गाणें सुरू झाल्यावर एका मिनिटाच्या सुमारास तो सांधा येतो. ठाऊक नसेल तर कानाला लागत नाहीं. येथें कल्पना बँडाची, आणि ती शक्य करणारा हात निर्मात्याचा व त्याचा ध्वनिमुद्रक जेफ एमरिक याचा. गाणें लेननचेंच आहे याविषयीं कोणालाही शंका नाहीं.

आतां दुसरी बाजू. कोणी म्हणेल कीं हीं सारीं उदाहरणें सज्जनांचीं झालीं. खरें आहे. त्याच बीटल्सच्या अखेरच्या दिवसांत, १९७० सालीं, ‘लेट इट बी’ या तबकडीच्या ध्वनिफिती फिल स्पेक्टर या अमेरिकन निर्मात्याच्या हातीं दिल्या गेल्या. त्यानें मॅकार्टनीच्या ‘द लाँग अँड वाइंडिंग रोड’ या साध्या पियानोच्या गाण्यावर तंतुवाद्यांचा मोठा ताफा व स्त्रियांचा गायकवृंद चढविला, आणि हें मॅकार्टनीला न विचारतां. तो फार संतापला. तेहतीस वर्षांनीं, २००३ सालीं, तीं सारीं पुटें खरवडून तीच तबकडी पुन्हां काढण्यांत आली. स्पेक्टरला संगीत कळत नव्हतें असें नाहीं. पण ‘यस्टर्डे’ला वाद्यें चढलीं तेव्हां गाणारा समोर बसला होता, आणि येथें तो खोलींतच नव्हता. मला तरी या दोहोंमधील फरक वाद्यांच्या संख्येंत दिसत नाहीं; तो एवढ्याच गोष्टींत दिसतो.

या अरेरावीला कंटाळून कांहीं लोक अगदीं दुसऱ्या टोकाला गेले. अमेरिकेंतील स्टीव्ह अल्बिनी, जो २०२४ सालीं वारला, स्वतःला निर्माता म्हणवून घेण्यास राजी नसे. १९९३ सालच्या तबकडीसाठीं निर्व्हाना या बँडानें त्याला बोलाविलें, तेव्हां विक्रीवरचा वांटा त्यानें नाकारला. नळ दुरुस्त करणाऱ्याला देतात तशी ठरलेली मजुरी द्या, अशा अर्थाचें त्यानें त्यांना लिहिलें. बँड जसा वाजतो तसा पकडावयाचा, एवढेंच आपलें काम, हें त्याचें ब्रीद. ब्रीद मला मनापासून आवडतें. परंतु तें पूर्ण खरें आहे असें वाटत नाहीं. कोणती खोली, कोणता मायक्रोफोन, भिंतीपासून किती हात, हें ठरविणारा माणूस घाट देतच असतो. आपण देत नाहीं असें म्हणाला तरी देतो. शिवाय त्याच बँडाची १९९१ ची तबकडी पाहा. तिचा निर्माता बुच व्हिग यानें गायक कोबेन याला तोच भाग दोनदां गाऊन एकावर एक बसविण्यास सांगितलें. कोबेनला ती फसवणूक वाटे. लेननही असें करीत असे, असें म्हटल्यावर तो तयार झाला. थोडी लबाडी म्हणा हवें तर. शिक्षकांना ती अपरिचित नाहीं.

मग गाणें कोणाचें ? माझ्या गायकवृंदाचा अनुभव सांगतों. मध्यम स्वरांत गाणारी मुलगी गायकवृंदाच्या मध्यभागीं उभी असते. तिला शेजारणीचा आवाज मोठा ऐकूं येतो, पुरुषांचा खर्ज जवळजवळ ऐकूं येत नाहीं. सर्वांत मागच्या बांकावर बसलेल्या म्हातारीला जें गाणें ऐकूं येतें तें गाणाऱ्यांपैकीं एकालाही ऐकूं येत नाहीं. हा कोणाचा दोष नव्हे. उभें राहण्याची जागाच तशी. म्हणून कोणीतरी मागच्या बांकावर जाऊन बसावें लागतें व परत येऊन सांगावें लागतें. रॉक बँडांत तर प्रत्येकाच्या कानाशीं त्याचें स्वतःचें विजेचें वाद्य गर्जत असतें. त्यांनीं आपला आवाज वाढविला तो अहंकारानें नव्हे. त्यांना खरोखरच तो कमी वाटत होता. निर्माता हा त्या मागच्या बांकावरचा माणूस. त्याचा अधिकार येतो तो त्या बांकामुळें, त्याच्या ज्ञानामुळें किंवा स्टुडिओच्या भाड्यामुळें नव्हे. त्यानें तेथून काय ऐकूं येतें तें सांगावें. गाणें कशाविषयीं आहे हें सांगूं लागला कीं तो बांक सोडून वेदीवर चढला.

याच कारणासाठीं माझ्या त्या माजी विद्यार्थ्याच्याही एका गोष्टीशीं माझें जुळलें नाहीं. कानांत यंत्राची टिकटिक ठेवून त्या ठोक्याबरोबर वाजवा, असें त्यानें मुलांना सांगितलें. आजकाल सर्वत्र तीच चाल आहे, आणि तिच्या सोयी मला समजतात; तुकडे जोडणें सोपें जातें. पण हीं मुलें ध्रुवपदाला आलीं कीं किंचित् धांवतात. तें धांवणें मला आवडत होतें. टिकटिकीनें तें गेलें, आणि गाणें थोडें शहाणें झालें. सोळाव्या वर्षीं इतकें शहाणें कशाला व्हावें ?

आतां घरोघर संगणक आहे, आणि बुधवार पेठेंत फिरून आणलेल्या सामानावर पूर्वीं लंडनच्या स्टुडिओलाही न साधलेल्या गोष्टी साधतात. मार्टिनजवळ चार पट्ट्यांचें यंत्र होतें. आमच्या मुलांच्या संगणकावर पट्ट्यांना मर्यादाच नाहीं. १९९७ सालीं निघालेल्या ऑटो-ट्यूनसारख्या साधनांनीं चुकलेला स्वर आपोआप सरळ होतो. त्यामुळें निर्मात्याची गरज संपली असें मुलें म्हणतात. मला उलट वाटतें. चारच पट्ट्या होत्या तेव्हां काय गाळावें हें यंत्रच निम्मेंअधिक ठरवून टाकी; आतां तें सारें माणसाला ठरवावें लागतें, आणि तें एकट्यानें, स्वतःच्याच वाद्याजवळ बसून. घरींच ध्वनिमुद्रण करा, खुशाल करा; पण ज्यानें त्या गाण्यांत कांहीं वाजविलेलें नाहीं असा एक जण खोलींत असूं द्या. तो धंदेवाईकच पाहिजे असें नाहीं. तुमच्या वर्गांतला एखादा न गाणारा पण ऐकणारा मुलगा चालेल.

आणि त्याचें नांव लिहा. आकाशवाणीवर भावगीत लागलें कीं गायक, कवि व संगीतकार हीं तीन नांवें सांगण्याची सुंदर चाल आहे. चौथें नांव कोणी सांगत नाहीं. जी. एन. जोशी हे गायक म्हणून आपल्या लक्षांत राहिले, आणि ज्यांनीं ‘कॉल ऑफ द व्हॅली’ पन्नास वेळां ऐकली आहे अशा घरांतही त्यांचें नांव विचारलें तर लोक वेष्टन उलटून पाहूं लागतात. वेष्टन तरी होतें. आतां गाणें मोबाइलवर येतें तें बहुधा एका नांवानिशीं.

असो. स्नेहसंमेलनाच्या संध्याकाळीं हीं मुलें रंगमंचावर आलीं. समोर स्टुडिओ नव्हता, कांच नव्हती, सांगणारा कोणी नव्हता; त्यांना हवें तसें वाजवावयास तीं मोकळीं होतीं. त्यांनीं ध्रुवपदानेंच प्रारंभ केला. कडव्यांत ड्रम निम्मेच वाजले. मुलगी मायक्रोफोनच्या अगदीं जवळ येऊन हलकें गाइली, आणि सभागृहांतील शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोंचले. ध्रुवपदाला तीं पुन्हां धांवलीं, हें पाहून मला बरें वाटलें. मग गिटारची पाळी आली. मी बोटांवर मोजूं लागलों. आठ आवर्तनें झालीं, तो थांबला नाहीं. पूर्वींचें दीड मिनिटही वाजविलें नाहीं. सोळाव्या आवर्तनाला त्यानें मुलीकडे पाहिलें, आणि तिनें शब्द उचलला. माझ्या शेजारीं तो माजी विद्यार्थी बसला होता. तोही मोजीत होता. टाळ्या चालू असतांनाच तो उठून रंगमंचामागें गेला, आणि मुलानें गिटार खाली ठेवण्याच्या आंत त्याला विचारूं लागला कीं, येत्या रविवारीं सकाळीं मोकळा आहेस का, तेवढा मधला भाग पुन्हां घेऊं, आणि टिकटिक नको.